आतड्यातलं संप्रेरक थायरॉइडच्या पेशीत जाऊन कॅल्शियमचं काय करतं?

रानवेल

जीएलपी-१ (आतड्यातलं एक संप्रेरक) गटातलं, साखर आणि वजन उतरवणारं, आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू करायचं घाटतंय. माहितीपत्रक उघडलं तर पहिल्याच पानावर जाड चौकटीत इशारा: प्राण्यांमधल्या प्रयोगांत थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठी आढळल्या, आणि स्वतःला किंवा घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (याच सी-पेशींचा) झाला असेल तर हे औषध घेऊ नये. मला हायपोथायरॉइड आहे, थायरॉक्सिनची गोळी कैक वर्षं चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या थायरॉइडचा याच्याशी संबंध नाही." विश्वास आहेच, पण संबंध का नाही हे समजावून सांगायला त्यांना वेळ नव्हता, बाहेर रांग होती.

मग स्वतःच वाचत बसले. जिथे जावं तिथे तेच वाक्य: जीएलपी-१ मुळे सी-पेशीत सायक्लिक एएमपी वाढतं, कॅल्शियम वाढतं, कॅल्सिटोनिन बाहेर पडतं. आतड्याच्या संप्रेरकाचं मानेतल्या ग्रंथीत काम काय? कॅल्शियम वाढतं म्हणजे रक्तातलं का? आणि एवढं सगळं होत असेल तर माणसांत ते का होत नाही म्हणे?

औषध घ्यावं की नको हा सल्ला नकोय, तो डॉक्टर देतील. फक्त आतली गोष्ट समजून घ्यायची आहे.

भिंगरी

चांगला विषय. बसले आहे कोपऱ्यात.

मायक्रोपिपेट

पेशींमधलं कॅल्शियम मोजण्यात बरीच वर्षं घातली आहेत, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी तुमच्या डॉक्टरांचं वाक्य. थायरॉइडमध्ये दोन वेगळ्या जातीच्या पेशी राहतात. एक फॉलिक्युलर पेशी: आयोडीन ओढायचं, थायरॉक्सिन बनवायचं, टीएसएचचं (मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या संप्रेरकाचं) ऐकायचं. तुमचा आजार यांचा. दुसऱ्या सी-पेशी. त्या फॉलिकलच्या (फॉलिक्युलर पेशींच्या गोल पिशवीच्या) भिंतीला आतून चिकटून, पण मधल्या कोलॉइड या दाट द्रवाला स्पर्श न करता बसलेल्या असतात, संख्येने अगदी थोड्या, आणि बहुतेक सगळ्या दोन्ही बाजूंच्या खंडांच्या वरच्या-मधल्या भागात. त्यांना ना आयोडीनशी देणंघेणं, ना टीएसएचशी. त्या कॅल्सिटोनिन बनवतात, ३२ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक. चौकटीतला इशारा फक्त यांच्याबद्दल आहे.

कॅल्सिटोनिन हॅरॉल्ड कॉप यांनी १९६१-६२ च्या सुमारास दाखवलं तेव्हा ते पॅराथायरॉइडमधून (थायरॉइडशेजारच्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथींमधून) येतं असा त्यांचा समज होता. थायरॉइडमधून येतं हे १९६४ मध्ये मॅकिन्टायर यांच्या गटाने सिद्ध केलं. "सी-पेशी" हे नाव पीअर्स यांनी १९६६ मध्ये दिलं. पुढे कित्येक दशकं सगळी पुस्तकं छापत राहिली की या पेशी भ्रूणाच्या न्यूरल क्रेस्टमधून, म्हणजे मज्जासंस्थेच्या बाजूने येतात. २०१५ मध्ये माऊसमधल्या वंशरेषेच्या प्रयोगांनी ते उलटवलं: त्या एंडोडर्ममधून येतात, ज्या थरातून आतड्याचं अस्तर येतं त्याच थरातून. म्हणून आतड्याची संप्रेरकं ओळखणारे रिसेप्टर यांच्यावर सापडले तर मला फारसं नवल वाटत नाही.

आता कॅल्शियम. तुमच्या रिपोर्टमधलं कॅल्शियम वेगळं आणि हे वेगळं, हा घोळ सगळ्यांचा होतो. पेशीच्या बाहेर मुक्त कॅल्शियम असतं साधारण १.२ मिलिमोलर. पेशीच्या आत, शांत असताना, १०० नॅनोमोलरच्या आसपास. दहा हजार पटींचा फरक. पेशी हा फरक टिकवायला सतत पंप चालवते, कारण त्या फरकातच तिची खबर पोचवायची सोय आहे. दार किंचित उघडलं की आतली पातळी काही सेकंदांसाठी पाच-दहा पट होते, आणि तेवढ्यावर संप्रेरकाने भरलेल्या पिशव्या पडद्याला चिकटून फुटतात. रक्तातल्या कॅल्शियमला याचा पत्ताही नसतो.

सी-पेशीची गंमत अशी की ती बाहेरचं कॅल्शियमसुद्धा "चाखते". त्यासाठीचा रिसेप्टर, कॅल्शियम-सेन्सिंग रिसेप्टर, १९९३ मध्ये पॅराथायरॉइडमधून क्लोन झाला. तोच सी-पेशीवरही असतो आणि परिणाम मात्र उलटा. बाहेर कॅल्शियम वाढलं की पॅराथायरॉइड गप्प बसते, सी-पेशी बोलायला लागते: पडद्यावरचा विद्युतभार बदलतो, एल-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या उघडतात, कॅल्शियम आत शिरतं, कॅल्सिटोनिन सुटतं. निफेडिपिनसारखं वाहिनी-रोधक टाकलं की हे दबतं.

यात जीएलपी-१ कुठे येतं? आतड्याच्या शेवटच्या भागातल्या एल-पेशी ते जेवणानंतर सोडतात. त्याचा रिसेप्टर जीएस जातीच्या जी-प्रथिनाला, म्हणजे बाहेरचा निरोप आत ढकलणाऱ्या प्रथिनाला, जोडलेला. जीएस म्हणजे अॅडेनिलिल सायक्लेज हे विकर, म्हणजे ते बनवतं ते सायक्लिक एएमपी, पेशीच्या आतला निरोप्या. तिथून दोन वाटा फुटतात, प्रोटीन कायनेज-ए आणि इपॅक ही दोन प्रथिनं. स्वादुपिंडाच्या बीटा-पेशीत हा रस्ता फार बारकाईने तपासला गेलाय: कायनेज-ए मुळे एल-वाहिन्या जास्त सहज उघडतात, आतल्या साठ्यातून कॅल्शियम सुटणं सोपं होतं, आणि इपॅक पिशव्यांना फुटायच्या तयारीत आणून ठेवतं. रॅटच्या सी-पेशींत सायक्लिक एएमपी वाढणं आणि कॅल्सिटोनिन सुटणं १९९६ मध्येच प्रत्यक्ष दाखवलं गेलं. मधली यंत्रणा दोन्ही पेशींत बरीचशी सारखी आहे.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की घंटा वाजवतं ते कॅल्शियम. जीएलपी-१ पेशीचे कान तीक्ष्ण करतं. बीटा-पेशीतही साखर कमी असताना एकटं जीएलपी-१ फारसं इन्शुलिन सोडवत नाही. म्हणून तर या औषधांनी एकट्याने साखर धोकादायक खाली जाणं विरळा.

आणखी एक. शरीरातलं स्वतःचं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटांतच निम्मं होतं, डीपीपी-४ हे विकर त्याचा तुकडा पाडतं. आठवड्याच्या इंजेक्शनचा अर्धायुकाल मात्र साधारण एक आठवडा. म्हणजे जो रिसेप्टर जेवणापुरता जागा व्हायचा, तो कायम जागा. शिवाय कॅल्सिटोनिनच्या जनुकाच्या सुरुवातीला सायक्लिक एएमपीला प्रतिसाद देणारा भाग आहे, त्यामुळे साठा सोडण्याबरोबर नवीन बनवणंही वाढतं. रॅट आणि माऊसमध्ये हे महिनोनमहिने चाललं की सी-पेशी संख्येनेही वाढू लागतात.

माणसांचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

भिंगरी

"बाहेरचं कॅल्शियम चाखते" इथे थांबून पुन्हा वरून वाचलं. वाचनखूण साठवली आहे.

तिरकस

लेखन उत्तम, पण पुढे काय येणार ते दिसतंय. उंदरात कॅन्सर दिसला की "उंदीर वेगळे", उंदरात फायदा दिसला की "माणसासाठी आशेचा किरण". सोयीचा उंदीर निवडायची ही पद्धत जुनी आहे. आणि माणसात होत नाही हे सांगणारे संशोधक कुणाच्या पगारावर होते, हेही लिहा.

मायक्रोपिपेट

@तिरकस, लिहितो की. २०१० मध्ये जो मोठा शोधनिबंध आला, ज्यावर सगळी मांडणी उभी आहे, त्याचे प्रमुख लेखक लिराग्लुटाइड हे याच गटातलं औषध बनवणाऱ्या कंपनीचेच होते. हे लपलेलं नाही, निबंधावर छापलेलं आहे. पण म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. दुसऱ्या कुणाला तेच दिसतं का ते बघायचं.

निबंधात काय होतं? रॅट आणि माऊसच्या सी-पेशींवर जीएलपी-१ चे रिसेप्टर भरपूर. माकडं आणि माणसं यांच्यात फारच कमी. माकडांना २० महिने, माणसाच्या ६० पटींहून जास्त मात्रा मिळेल अशा बेताने औषध दिलं, सी-पेशी वाढल्या नाहीत. पेशींच्या पातळीवरही तेच: रॅटच्या सी-पेशींच्या, प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या दोन वाणांनी कॅल्सिटोनिन सोडलं, टीटी नावाच्या मानवी वाणाने दाद दिली नाही.

कंपनीबाहेरची बाजू म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नची प्रयोगशाळा. त्यांची पद्धत वेगळी: ऊतीच्या पातळ कापावर किरणोत्सारी खूण लावलेलं संप्रेरक सोडायचं आणि ते कुठे चिकटतं ते फिल्मवर बघायचं. त्यांनाही रॅट-माऊसच्या सी-पेशी ठळक दिसल्या आणि निरोगी मानवी सी-पेशींवर खूण उमटली नाही. पण (हे तुमच्या बाजूने) मानवी मेड्युलरी गाठींपैकी काहींवर त्यांना हा रिसेप्टर सापडला. त्यामुळे ज्याच्या घरात तो आजार आहे त्याला औषध नको, हे मला तरी अतिसावधगिरी वाटत नाही.

मधल्या काळात उलटे निष्कर्षही आले, मानवी सी-पेशींवर रिसेप्टर आहे म्हणणारे. त्यातला मोठा भाग अँटिबॉडींच्या भरवशावर होता, आणि या रिसेप्टरच्या बाजारात मिळणाऱ्या अँटिबॉडी भलत्यालाच चिकटतात हे नंतर उघड झालं. माझ्या मते या वादातला निम्मा धुरळा तिथूनच उठलेला आहे.

अजून एक प्रयोग मला सर्वांत पटतो. ज्या माऊसमधून जीएलपी-१ चा रिसेप्टरच काढून टाकलाय, त्यांना लिराग्लुटाइड दिलं तर सी-पेशी वाढत नाहीत. म्हणजे परिणाम औषधाच्या आगंतुक विषारीपणाचा नाही, रिसेप्टरमार्फतच होतो. त्याच कामात असंही दिसलं की रेट हे जनुक, जे मानवी मेड्युलरी कॅन्सरमागचं मुख्य कारण, ते इथे जागं होत नाही. रिसेप्टर नाही तर परिणाम नाही, आणि माणसात रिसेप्टर जवळजवळ नाही.

तिरकस

अँटिबॉडीचा मुद्दा मान्य. पण "जवळजवळ नाही" आणि "नाही" यांत फरक आहे आणि औषध घेणारे कोट्यवधी आहेत. माणसांचे आकडे?

काळीशाई

मी पॅथॉलॉजीतली, सूक्ष्मदर्शकाखाली या गाठी बघणं हे रोजचं काम. आकडे थोडक्यात देते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लीडर चाचणीत ९३४० रुग्ण होते. लिराग्लुटाइड आणि नुसतं प्लासिबो यांत कॅल्सिटोनिनच्या पातळीत फरक पडला नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या विमा नोंदींवरचा अभ्यास आला; एक ते तीन वर्षं ही औषधं घेणाऱ्यांत थायरॉइड कॅन्सरचा धोका १.५८ पट दिसला. त्यावरून गदारोळ झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युरोपीय औषध नियामकाच्या समितीने उपलब्ध पुरावा तपासून कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं म्हटलं. २०२४ मध्ये डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडनच्या नोंदींत गुणोत्तर ०.९३ आलं, म्हणजे वाढ नाही.

फ्रान्सच्या अभ्यासाबद्दल माझी शंका अशी: नवीन औषध, त्यावर थायरॉइडचा इशारा, म्हणून मानेची सोनोग्राफी जास्त वेळा होते. सोनोग्राफी केली की छोटे, निरुपद्रवी पॅपिलरी (फॉलिक्युलर पेशींचे) कॅन्सर सापडतातच. तिरकस यांचं एक बरोबर आहे, मेड्युलरी हा थायरॉइड कॅन्सरमधला एक-दोन टक्क्यांचा प्रकार, त्यामुळे एवढ्या मोठ्या नोंदींतही त्याचे रुग्ण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्याबद्दल छातीठोक बोलायला वेळ लागेल.

पण मला खरं तर वेगळंच सांगायचं होतं. सगळे जीएलपी-१ च्या मागे आहेत आणि या धाग्याच्या शीर्षकाला चपखल बसणारं संप्रेरक बाजूला पडलंय: गॅस्ट्रिन.

गॅस्ट्रिन जठराच्या शेवटच्या भागातून येतं, आम्ल वाढवतं. १९७१ मध्ये डुकरांवरच्या कामात दिसलं की पेंटागॅस्ट्रिन, म्हणजे त्याचा कामाचा शेवटचा तुकडा, शिरेतून दिला की कॅल्सिटोनिन उसळतं. त्यावरून एक सुंदर कल्पना निघाली: जेवणातलं कॅल्शियम रक्तात पोचण्याआधीच पोट थायरॉइडला सूचना देतं. माणसात या कल्पनेला फारसं वजन उरलं नाही, पण चाचणी मात्र उरली. पुढची काही दशकं मेड्युलरी कॅन्सर शोधायला जगभर पेंटागॅस्ट्रिन चाचणी वापरली जायची. किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, शिरेतून झटकन, आणि रक्त आधी, दोन मिनिटांनी, पाच मिनिटांनी. रुग्णाला छातीत गरम दाटून आल्यासारखं होतं, मळमळतं, चेहरा लाल होतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत ओसरतं. हे आधी सांगितलं नाही तर माणूस घाबरून उठून बसतो.

आणि इथे रस्ता वेगळा आहे. गॅस्ट्रिनचा रिसेप्टर, सीसीके-२, जीक्यू जातीच्या प्रथिनाला जोडलेला. जीक्यू म्हणजे फॉस्फोलायपेज-सी, म्हणजे आयपी-३, आणि आयपी-३ पेशीच्या आतल्या साठ्याचं दार उघडतं. सायक्लिक एएमपीचा वळसा नाही, थेट कॅल्शियम. दोन मिनिटांत कॅल्सिटोनिन शिखरावर जातं ते यामुळे. बहुतेक मानवी मेड्युलरी गाठींवर हा रिसेप्टर असतो, १९९६ मध्ये हेही वर म्हटलेल्या बर्नच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. आता त्याच रिसेप्टरला चिकटणारं किरणोत्सारी मिनिगॅस्ट्रिन वापरून या गाठी स्कॅनमध्ये शोधतात.

१९९३ मध्ये रेट जनुकाचा संबंध कळला आणि कुटुंबातल्या मुलांना दर वर्षी टोचण्याची गरज संपली, एका रक्ततपासणीत निकाल. पेंटागॅस्ट्रिनही आता मिळेनासं झालंय. चेतना-चाचणी करायची वेळ आलीच तर कॅल्शियम ग्लुकोनेट देतात, म्हणजे मायक्रोपिपेट यांनी सांगितलेल्या चाखणाऱ्या रिसेप्टरलाच डिवचतात.

रानवेल

दोघांनाही दंडवत. एक विचारते: कॅल्सिटोनिन वाढलं तर रक्तातलं कॅल्शियम घसरून हाडांवर परिणाम?

काळीशाई

माणसात नाही. मेड्युलरी कॅन्सरमध्ये कॅल्सिटोनिन कधी कधी हजारो पट असतं आणि रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल. उलट, पूर्ण थायरॉइड काढल्यावर कॅल्सिटोनिन जवळपास शून्य होतं, त्यानेही कॅल्शियम बिघडत नाही. शस्त्रक्रियेनंतर कॅल्शियम घसरतं ते शेजारच्या पॅराथायरॉइडला धक्का लागल्यामुळे. माशांमध्ये हे संप्रेरक जोरदार. आपल्यात त्याचा खरा उपयोग गाठीची खूण म्हणून.

आडवाट

@मायक्रोपिपेट, पेशीतलं कॅल्शियम "दिसतं" कसं? काही सेकंदांची गोष्ट म्हणताय.

मायक्रोपिपेट

फ्युरा-२ नावाचा रंग, रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये दिलेला. काचेच्या गोल चकतीवर पेशी वाढवायच्या, अर्धा-पाऊण तास अंधारात रंग पाजायचा, धुवायचं, सूक्ष्मदर्शकावर चढवायचं. ३४० आणि ३८० नॅनोमीटरचा प्रकाश आलटून-पालटून टाकायचा आणि ५१० ला बाहेर येणारा मोजायचा. कॅल्शियम चिकटलं की ३४० चा उजेड वाढतो, ३८० चा घटतो, आणि दोन्हींचा भागाकार घेतला की रंग कमी-जास्त शिरल्याचा गोंधळ कटतो.

खरी कसोटी संप्रेरक टाकताना. नुसतं द्रावण सोडलं तरी पेशी हलतात आणि आलेखात टेकडी उठते. म्हणून आधी कोरं द्रावण, मग संप्रेरक. ही छोटी पेप्टाइडं प्लास्टिकच्या नळीला चिकटून बसतात, त्यामुळे द्रावणात थोडं अल्ब्युमिन घालावं लागतं, नाहीतर तुम्ही समजता त्याच्या निम्मंसुद्धा पेशीपर्यंत पोचत नाही. गॅस्ट्रिनसारखं जीक्यूवालं संप्रेरक असेल तर टोकदार शिखर, मग हळू उतार. बाहेरचं कॅल्शियम ईजीटीएने काढून घेतलं तरी शिखर राहतं, उतार जातो: साठा आतला होता. थॅप्सिगार्जिनने आतला साठा आधीच रिकामा केला तर शिखर जातं. जीएसवाल्याचं उलट, बाहेरचं कॅल्शियम काढलं की फार काही उरत नाही. शेवटी आयोनोमायसिन टाकून सगळी दारं उघडायची. तेव्हाही आलेख हलला नाही तर पेशी केव्हाच गेलेल्या असतात आणि तुम्ही तासभर मढ्यांचं मोजमाप करत होता.

टीटी पेशींवर कुणी काम करणार असेल तर एकच सांगेन, धीर धरा. त्या इतक्या संथ वाढतात आणि इतक्या सैल चिकटतात की धुताना निम्म्या वाहून जातात. मानवी सी-पेशींवरचं काम तुलनेने थोडं का, याचं एक कारण हेही आहे.

उंबरठा

मला गॅस्ट्रिनवर थांबायचंय. माझं कॅल्सिटोनिन मागे किंचित जास्त आलं होतं, १४, वरची मर्यादा १०. सोनोग्राफी स्वच्छ. आम्लपित्ताची गोळी कित्येक वर्षं घेत होतो. डॉक्टरांनी ती काही आठवडे थांबवून पुन्हा तपासलं, तर ६. तेव्हा कारण विचारलं नाही.

काळीशाई

कारण वर आलंच आहे. ओमेप्राझोल-पँटोप्राझोल गटातल्या गोळ्या आम्ल बंद करतात. आम्ल नाही म्हणून जठर गॅस्ट्रिन वाढवत नेतं. ते सी-पेशीला डिवचतं. किडनीचा आजार, धूम्रपान यांनीही कॅल्सिटोनिन थोडं वर दिसतं. गोळी मात्र कुणी आपल्या मनाने बंद करू नये, काहींना ती खरोखर लागते.

भिंगरी

अवांतर: कॅल्शियमची गोळी आणि थायरॉक्सिन यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात, तेही याच सी-पेशींमुळे का?

मायक्रोपिपेट

नाही, ती पोटातली गोष्ट. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. पण रानवेल यांच्या कामाचं एक त्यात आहे: जीएलपी-१ औषधांनी जठर हळू रिकामं होतं. याच गटातल्या सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळी आणि थायरॉक्सिन एकत्र दिल्यावर थायरॉक्सिनचं रक्तातलं प्रमाण ३३ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. इंजेक्शनची गोष्ट वेगळी, पण वजन उतरलं की थायरॉक्सिनचा डोसही बदलू शकतो. टीएसएच कधी तपासायचं ते विचारून ठेवा.

रानवेल

हे कुणीच सांगितलं नव्हतं, विचारते. आणि आता एक अडचण. आईशी बोलताना कळलं, मावशीची थायरॉइडची गाठ काढली होती, "कॅन्सरच होता पण बरा होण्यातला". कुठल्या प्रकारचा ते घरात कुणालाच माहीत नाही.

काळीशाई

बहुतेक वेळा पॅपिलरी असतो, पण अंदाजावर सोडू नका. डिस्चार्ज कार्डावर विसंबू नका, त्यावर नुसतं "थायरॉइड कॅन्सर" लिहिलेलं असतं. हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट शोधा आणि त्यातला "निदान" हा मथळा वाचा. मावशींना शस्त्रक्रियेनंतर किरणोत्सारी आयोडीन दिलं होतं का, तेही विचारा. दिलं असेल तर फॉलिक्युलर पेशींचाच कॅन्सर असणार. सी-पेशी आयोडीन घेतच नाहीत. मेड्युलरी निघाला तर इंजेक्शनचा विषय तिथेच बंद, आणि आधी मावशींची रेट तपासणी.

रानवेल

रिपोर्ट मिळाला, मावशीने जपून ठेवला होता. "पॅपिलरी कार्सिनोमा, क्लासिकल प्रकार." आयोडीनही दिलं होतं म्हणाली, काही दिवस वेगळ्या खोलीत राहावं लागलं होतं.

काळीशाई

मग चौकटीतला इशारा या आजाराबद्दल नाही. रिपोर्टची प्रत डॉक्टरांकडे द्या, तुमच्या फाइलला लागू दे.

तिरकस

मी अजून "जवळजवळ नाही"वर अडलेलो आहे, पण ते नोंदींचं काम, होईल तेव्हा होईल. @मायक्रोपिपेट, ते अँटिबॉडी-प्रकरण वेगळा धागा काढून लिहा. भांडायला येतो.

मायक्रोपिपेट

काढतो. या.